कोठडीचं भाडं कोण भरतं?

अमेरिकेतल्या तुरुंगांत आणि कोठड्यांत आज सुमारे १९ लाख माणसं आहेत. भारताची लोकसंख्या अमेरिकेच्या चौपटीहून जास्त, तरी आपल्या सगळ्या कारागृहांत मिळून २०२२ च्या अखेरीस ५ लाख ७३ हजार बंदी होते. जगाच्या लोकसंख्येत अमेरिकेचा वाटा चार-साडेचार टक्के, आणि जगातल्या कैद्यांमध्ये वीस टक्क्यांच्या आसपास. हे पूर्वीपासून असं नव्हतं. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला तिथल्या राज्यांच्या आणि केंद्राच्या तुरुंगांत मिळून दोन लाखांच्या आसपास कैदी होते. २००९ पर्यंत हा आकडा १६ लाखांवर गेला.

एवढी माणसं आत ठेवायची म्हणजे रोजचं जेवण आलं, औषधपाणी आलं, पहारा, साबण, चपला, फोन, सगळंच आलं. यातली प्रत्येक गोष्ट कोणीतरी कोणाला तरी विकतं. ती विकून कोण कमावतं आणि शेवटी पैसे कोणाच्या खिशातून जातात, ते नीट समजून घेऊ. कारण ‘अमेरिकेत तुरुंग खासगी कंपन्या चालवतात’ या एका वाक्यावर बहुतेक चर्चा थांबते, आणि त्या वाक्यात खरी गोष्ट अगदी थोडी आहे.

आधी एक फरक लक्षात घ्या. शिक्षा झालेले कैदी राज्याच्या किंवा केंद्राच्या तुरुंगात जातात. खटला सुरू व्हायची वाट बघणारे, म्हणजे आपण ज्यांना कच्चे कैदी म्हणतो ते, मुख्यतः कौंटीच्या जेलमध्ये असतात. कौंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा. तिथल्या जेलचा प्रमुख शेरीफ असतो, आणि तो बहुतेक ठिकाणी निवडून येतो. ही दोन दारं वेगळी आहेत आणि दोन्हीकडचा धंदाही वेगळा आहे.

गर्दी कुठून आली

ही गर्दी कंपन्यांनी केली नाही, कायद्यांनी केली. १९७१ मध्ये राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी अमली पदार्थ हा देशाचा पहिल्या क्रमांकाचा शत्रू असल्याचं जाहीर केलं. १९७३ मध्ये न्यूयॉर्क राज्याने कायदा केला: दोन औंस हेरॉइन विकलं, तर किमान १५ वर्षं आणि कमाल जन्मठेप. न्यायाधीशाला आरोपीची परिस्थिती बघून शिक्षा कमी करायला जागाच उरली नाही. पुढे इतर राज्यांनी हाच साचा उचलला. १९८६ च्या केंद्रीय कायद्यात ५ ग्रॅम क्रॅक कोकेनला (कोकेनचाच ओढायचा, खड्यासारखा प्रकार) किमान पाच वर्षं ठेवली. कोकेनच्या पावडरीसाठी तीच शिक्षा व्हायला ५०० ग्रॅम लागायचे. क्रॅकच्या खटल्यांतले बहुसंख्य आरोपी कृष्णवर्णीय असत. हे १००:१ चं प्रमाण २०१० मध्ये १८:१ वर आलं, संपलं नाही. १९९४ मध्ये कॅलिफोर्नियाने ‘तीन फटके’ कायदा आणला: आधीचे दोन गंभीर गुन्हे नावावर असतील, तर तिसऱ्याला २५ वर्षं ते जन्मठेप. त्याखाली गोल्फच्या तीन काठ्या चोरणाऱ्याला झालेली ही शिक्षा सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये कायम ठेवली. आज कृष्णवर्णीयांचा लोकसंख्येतला वाटा तेरा-चौदा टक्के, आणि तुरुंगांतला एक तृतीयांशाच्या आसपास.

म्हणजे तुरुंग भरायला लागून दहा वर्षं झाली, तेव्हा कंपन्या आल्या. करेक्शन्स कॉर्पोरेशन ऑफ अमेरिका ही कंपनी १९८३ मध्ये टेनेसी राज्यातल्या नॅशव्हिल शहरात सुरू झाली. तिला पहिलं काम मिळालं ते विनाकागदपत्रांच्या स्थलांतरितांना ठेवण्याचं. इमारत तयार नव्हती, मुदत जवळ आलेली. कंपनीने ह्यूस्टनमधलं एक मोटेल भाड्याने घेतलं, ते बंदिस्त करून घेतलं, आणि जानेवारी १९८४ मध्ये तिथे माणसं कोंडायला सुरुवात केली. संस्थापकांपैकी एक, थॉमस बीझली, यांनी पुढे एका मुलाखतीत सांगितलं, की गाड्या, जमीनजुमला किंवा हॅम्बर्गर विकावेत तसंच हे विकायचं. ही कंपनी आता कोअरसिव्हिक या नावाने चालते. तिची मोठी स्पर्धक जिओ ग्रुप, १९८४ मध्ये सुरू झालेली, फ्लोरिडातली. दोन्ही शेअर बाजारात नोंदलेल्या आहेत.

यांचा हिशेब लॉजसारखा आहे. सरकार माणशी, दिवसाप्रमाणे पैसे देतं. खोली रिकामी राहिली तर तोटा, पाहुणा लांबला तर फायदा. फरक एवढाच, की लॉजमालकाला रिकाम्या खोलीचे पैसे कोणी देत नाही. तुरुंगाच्या कित्येक कंत्राटांत तशी हमी असते: अमुक टक्के खाटा भरलेल्या नसतील, तरी तेवढ्यांचे पैसे सरकारने द्यायचे. ८० आणि ९० टक्क्यांच्या हमी आहेत. ॲरिझोनाच्या काही कंत्राटांत तर ती शंभर टक्के होती. २०१२ मध्ये करेक्शन्स कॉर्पोरेशनने ४८ राज्यांना पत्र पाठवून त्यांचे तुरुंग विकत घ्यायची तयारी दाखवली. अटींमध्ये वीस वर्षांचं कंत्राट होतं आणि तुरुंग ९० टक्के भरलेला ठेवायची हमी होती. ज्या राज्याने अशी सही केली, त्याने गुन्हे कमी झाले काय नि शिक्षा सौम्य केल्या काय, पैसे वाचणार नाहीत अशी तजवीज स्वतःच्या हाताने करून ठेवली.

कंपनीच्या वार्षिक अहवालात गुंतवणूकदारांना धोके सांगावे लागतात. कायद्याची अंमलबजावणी सैल झाली, शिक्षा किंवा पॅरोलचे निकष सौम्य झाले, काही कृत्यं गुन्ह्यांच्या यादीतून वगळली गेली, तर आमच्या जागांची मागणी घटेल, असं तिथे लिहिलेलं असायचं. हे कोणी चोरून काढलेलं कागदपत्र नाही, कंपनीने स्वतः सरकारदरबारी दिलेला मजकूर आहे.

नफा वाढवायची दुसरी जागा म्हणजे पगार. तुरुंगाच्या खर्चात सर्वांत मोठा भाग कर्मचाऱ्यांचा असतो, म्हणून कात्री तिथेच लागते. आयडाहो राज्यात या कंपनीच्या ताब्यातल्या तुरुंगात इतक्या मारामाऱ्या होत, की कैदी त्याला ‘ग्लॅडिएटर स्कूल’ म्हणायचे. २०१३ मध्ये कंपनीने मान्य केलं, की पहाऱ्याच्या नोंदींत सुमारे ४,८०० तास खोटे दाखवले होते. म्हणजे कागदावर रक्षक उभा, जागेवर कोणीच नाही. २०१४ मध्ये राज्याने तो तुरुंग परत आपल्याकडे घेतला.

आठ टक्क्यांच्या पलीकडे

एवढं वाचून राग येणं साहजिक आहे. पण राज्यांच्या आणि केंद्राच्या तुरुंगांतल्या कैद्यांपैकी जेमतेम आठ टक्के खासगी तुरुंगांत आहेत. उद्या या दोन्ही कंपन्या बंद पडल्या, तरी उरलेले ब्याण्णव टक्के आहेत तिथेच राहतील.

तुरुंगांवर सरकारं दरवर्षी अंदाजे ८० अब्ज डॉलर खर्च करतात. त्यातला मोठा हिस्सा सरकारी कर्मचाऱ्यांच्या पगारांत जातो. कॅलिफोर्नियातल्या तुरुंगरक्षकांच्या संघटनेने १९९४ च्या ‘तीन फटके’ कायद्याच्या बाजूने पैसा लावला होता. लुइझियानात राज्याच्या शिक्षा झालेल्या कैद्यांपैकी निम्म्याच्या आसपास स्थानिक शेरीफांच्या जेलांत ठेवले जातात आणि राज्य शेरीफांना दरदिवशी माणशी पैसे देतं. शेरीफ कंपनी नाही, शेअर बाजारात नाही, लोकांनी निवडून दिलेला आहे. तरी खाट रिकामी राहिली की त्याचंही उत्पन्न घटतं. एखाद्या लहान गावातली खाण किंवा गिरणी बंद पडल्यावर तुरुंग हाच मोठा रोजगार उरलेला असतो, आणि तो बंद करायची गोष्ट निघाली की सगळं गाव विरोधात उभं राहतं. त्या गावकऱ्यांना मी दोष देणार नाही. त्यांना दुसरं काय दिलं होतं?

म्हणून मला वाटतं, तुरुंग कोणाच्या मालकीचा हा प्रश्न दुय्यम आहे. विचारायचं ते हे: माणूस आणखी एक दिवस आत राहिला, तर कोणाची मिळकत वाढते? असं विचारलं की भलतीच नावं पुढे येतात.

मिनिटाचा दर

मार्था राइट या वॉशिंग्टनमधल्या निवृत्त परिचारिका होत्या. दृष्टी गेलेली. नातू तुरुंगात, आणि राजधानीचे कैदी दूरदूरच्या राज्यांत पाठवले जात, त्यामुळे भेटायला जाणं जमत नसे. पत्र वाचता येत नाही, लिहिता येत नाही, उरला फोन. त्या फोनचं बिल त्यांच्या पेन्शनला झेपेना. त्यांनी आणि इतर कुटुंबांनी आधी दावा लावला, आणि २००३ मध्ये केंद्रीय दूरसंचार आयोगाकडे अर्ज केला.

आता हा फोन इतका महाग का, ते पाहा. तुरुंगात फोनसेवेसाठी एकाच कंपनीला कंत्राट मिळतं. सेक्युरस आणि ग्लोबल टेल लिंक (आताचं नाव व्हायापाथ) या दोघींकडे या बाजाराचा मोठा भाग आहे. कंत्राट द्यायचं तुरुंगाने, पैसे भरायचे कैद्याच्या घरच्यांनी. ज्याला निवडायचा अधिकार आहे त्याला बिल येत नाही, आणि ज्याला बिल येतं त्याला निवडता येत नाही. त्यावर कहर म्हणजे कमिशन. कंपनी आपल्या उत्पन्नातला वाटा तुरुंगाला किंवा शेरीफच्या खात्याला देते, काही ठिकाणी निम्म्याहूनही जास्त. त्यामुळे निविदा उघडल्यावर सगळ्यांत स्वस्त कंपनी जिंकत नाही. जी कौंटीला जास्त वाटा देऊ करते ती जिंकते, आणि तो वाटा भरून काढायला मिनिटाचा दर चढतो. काही जेलांत पंधरा मिनिटांच्या एका फोनला ११ डॉलरच्या वर पडत असत. हे पैसे भरणारी बाई बहुधा आई असते, बायको असते, आजी असते. तिने कोणताही गुन्हा केलेला नाही.

आयोगाला दहा वर्षं लागली. २०१३ मध्ये राज्याबाहेरच्या फोनच्या दरावर मर्यादा आली. राज्यातल्या राज्यात होणाऱ्या फोनवरची मर्यादा २०१७ मध्ये न्यायालयात टिकली नाही. आयोगाने, आपल्या नव्या अध्यक्षांच्या हाताखाली, तिचा बचावच सोडून दिला होता. राइट २०१५ मध्ये वारल्या. त्यांच्या नावाचा कायदा जानेवारी २०२३ मध्ये झाला, आणि त्याच्या आधारे आयोगाने २०२४ मध्ये तुरुंगांतल्या फोनला मिनिटाला सहा सेंटची मर्यादा घातली, शिवाय कमिशनवर बंदी आणली. पंधरा मिनिटांना ९० सेंट. मग २०२५ मध्ये आयोगाने अंमलबजावणी लांबणीवर टाकली आणि त्याच वर्षी मर्यादा पुन्हा वाढवली. वीस वर्षांहून जास्त काळ एका आजीच्या फोनबिलावर हे चाललं आहे.

फोनच्या मागोमाग बाकीचं येतं. कैद्याच्या खात्यात पैसे टाकायचे तर त्यावर शुल्क. कँटीनमधून शेवयांचं पाकीट, टूथपेस्ट घ्यायची तर तिथेही एकच ठेकेदार. काही जेलांत तर व्हिडिओ कॉलचं यंत्र बसवलं आणि समोरासमोरची भेट बंद केली. सेक्युरसच्या कंत्राटांत तशी अटच असायची, ती कंपनीने २०१५ मध्ये टीकेनंतर सोडली. सुटताना कैद्याला त्याचेच उरलेले पैसे डेबिट कार्डावर मिळत आणि त्या कार्डावर शुल्क कापलं जाई. सेक्युरसच्याच मालकीच्या जेपे या कंपनीवर यासाठी २०२१ मध्ये केंद्रीय ग्राहक वित्त संरक्षण संस्थेने कारवाई केली. ४० लाख डॉलर परतफेडीसाठी आणि २० लाख दंड.

आणि आतली कमाई किती? केंद्राच्या तुरुंगात साध्या कामाला तासाला १२ ते ४० सेंट मिळतात. टेक्सास, जॉर्जिया, अलाबामा अशा राज्यांत बहुतेक कामांना काहीच नाही. कायद्याने हे चालतं, कारण १८६५ च्या तेराव्या घटनादुरुस्तीने गुलामगिरी रद्द करताना ‘गुन्ह्याची शिक्षा म्हणून’ सक्तीचं काम वगळलं. यादवी युद्धानंतर दक्षिणेतल्या राज्यांनी याच पळवाटेतून कृष्णवर्णीय कैदी खाणमालकांना आणि मळेवाल्यांना भाड्याने दिले. अलाबामात ते १९२८ पर्यंत चालू होतं. लुइझियानातला अँगोला तुरुंग पूर्वीच्या गुलामांच्या मळ्यावर उभा आहे आणि तिथे कैदी आजही शेतात राबतात. खासगी कंपन्यांसाठी काम करणारे कैदी मात्र थोडे आहेत. बहुतेकांचं काम तुरुंगाचाच स्वयंपाक, झाडलोट, धुणं. म्हणजे स्वस्त मजुरीचा सर्वांत मोठा लाभार्थी राज्यच.

जामीन

जेलमधल्या माणसांपैकी सत्तर टक्क्यांच्या आसपास अजून दोषी ठरलेली नाहीत. यातली बरीच आत आहेत ती जामिनाची रक्कम नाही म्हणून. न्यायाधीशाने दहा हजार डॉलर जामीन ठरवला, तर कुटुंब जामीन-दलालाकडे जातं. तो साधारण दहा टक्के, म्हणजे हजार डॉलर घेतो आणि न्यायालयाला हमी देतो. आरोपी प्रत्येक तारखेला हजर राहिला, निर्दोष सुटला, तरी ते हजार डॉलर परत मिळत नाहीत. दलालांच्या मागे विमा कंपन्या उभ्या असतात, आणि प्रत्येक हमीतला काही भाग त्यांच्याकडे जातो. असा नफ्यावर चालणारा जामिनाचा व्यवसाय अमेरिका आणि फिलिपिन्स वगळता जगात जवळजवळ कुठेच नाही.

ज्याच्याकडे दलालाचेही पैसे नसतात, त्याचं काय होतं? कॅलीफ ब्राउडर सोळा वर्षांचा होता. २०१० मध्ये न्यूयॉर्कमध्ये पाठीवरची बॅग चोरल्याच्या आरोपावरून त्याला पकडलं. जामीन तीन हजार डॉलर ठरला, आणि घरच्यांकडे ते नव्हते. तो रायकर्स बेटावरच्या जेलमध्ये तीन वर्षं राहिला, त्यातला बराच काळ एकांत कोठडीत. खटला कधी उभाच राहिला नाही; आरोप मागे घेतले गेले. २०१५ मध्ये, बाविसाव्या वर्षी, त्याने आत्महत्या केली. न्यूयॉर्कने २०१९ मध्ये जामिनाचा कायदा बदलला त्यामागे त्याचं नाव होतं. इलिनॉयने २०२३ मध्ये पैशांचा जामीनच रद्द केला.

पैसा न्यायाधीशापर्यंत पोचला की काय होतं, तेही पेन्सिल्व्हेनियातल्या लुझर्न कौंटीत दिसलं. मार्क सियाव्हरेला आणि मायकल कोनाहन या दोन न्यायाधीशांनी मुलांच्या खासगी बंदीगृहांशी संबंधित लोकांकडून २८ लाख डॉलर घेतले. सरकारी बंदीगृह बंद करवलं, आणि किरकोळ खोड्यांसाठी मुलांना या खासगी जागांत पाठवलं. कित्येकांना तर वकीलही नव्हता. २००९ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने असे हजारो निकाल रद्द केले. सियाव्हरेलाला २८ वर्षं आणि कोनाहनला साडेसतरा वर्षं शिक्षा झाली. हे अपवादात्मक प्रकरण आहे, सगळे न्यायाधीश असे नाहीत. पण तिथे लाच लागली; बाकीच्या ठिकाणी कायदेशीर कंत्राट पुरतं.

पुन्हा मोटेलकडे

१९८४ च्या मोटेलपासून जे सुरू झालं, ते कंपन्यांसाठी आता मुख्य मिळकतीचं होत चाललं आहे. स्थलांतरितांच्या कोठडीत नव्वद टक्क्यांच्या आसपास माणसं खासगी कंपन्यांच्या जागांत असतात. इथे शिक्षा झालेला गुन्हेगार असावा लागत नाही. देशात राहता येईल की नाही याचा निकाल लागेपर्यंत ठेवलेलीही माणसं असतात. ऑगस्ट २०१६ मध्ये केंद्राने आपले कैदी खासगी तुरुंगांतून काढायचं ठरवलं, तेव्हा दोन्ही कंपन्यांचे शेअर कोसळले. नोव्हेंबरमध्ये ट्रम्प निवडून आले, आणि दुसऱ्या दिवशी कोअरसिव्हिकचा शेअर चाळीस टक्क्यांहून जास्त चढला. २०२१ मध्ये बायडन यांनी पुन्हा बंदी घातली, पण स्थलांतरितांच्या कोठड्या त्यातून वगळल्या. २० जानेवारी २०२५ ला ती बंदीही उठली, आणि जुलैमध्ये काँग्रेसने, म्हणजे तिथल्या संसदेने, स्थलांतरितांना कोंडण्यासाठी ४५ अब्ज डॉलर मंजूर केले.

यात आपली माणसंही आहेत. फेब्रुवारी २०२५ मध्ये हातकड्या घालून अमृतसरला उतरवलेल्या १०४ भारतीयांत महाराष्ट्रातले तिघे होते. आणि दुसऱ्या टोकालाही आपण आहोत. अमेरिकेत नोकरी करणाऱ्या मराठी घरांची निवृत्तीची बचत बहुतेक वेळा इंडेक्स फंडांत असते. व्हॅनगार्ड आणि ब्लॅकरॉक हे फंडचालक या दोन्ही तुरुंग कंपन्यांच्या मोठ्या भागधारकांपैकी आहेत. फंडाच्या यादीत ही नावं शोधणं अवघड नाही.

हे बदलतं का? फोनच्या बाबतीत काही ठिकाणी बदललं आहे. कनेक्टिकटने २०२१ मध्ये तुरुंगातले फोन मोफत करायचा कायदा केला, मग कॅलिफोर्निया, कोलोरॅडो, मिनेसोटा, मॅसॅच्युसेट्स. त्याआधी, २०२० मध्ये, सॅन फ्रान्सिस्कोने आपल्या जेलमधले फोन मोफत केले होते आणि कँटीनमधल्या मालावरचा नफाही सोडून दिला होता. तिथे कंपनी बदलावी लागली नाही. कंत्राट बदललं: मिनिटामागे पैसे द्यायचे सोडून बसवलेल्या फोनमागे महिन्याला ठरावीक रक्कम द्यायची. घरच्यांना बिल यायचं थांबलं. शेरीफच्या खात्याला मिळणारा वाटा बुडाला, आणि ती तूट शहराने आपल्या अर्थसंकल्पातून भरली.